आमच्याऐवजी रामधनचा ट्रक

८ सप्टें. १९६५
तहसीलची माणसं येऊन गेली. लढाईसाठी खाजगी ट्रक ताब्यात घेताहेत, ड्रायव्हरसकट. ह्यांना कालच कुणकुण लागलेली. पहाटेच इंजिनाचा डिझेल पंप काढून कडब्यात लपवला. साहेबांनी नेमकं मलाच विचारलं, "गाडी कधीपासून बंद आहे, बाई?"
"पोळ्यापासून."
किती सहज बोलले मी! परवाच तर त्याच गाडीतून माहेराहून आले.

१० सप्टें.
आमच्याऐवजी तांड्यावरच्या रामधनचा ट्रक नेला. त्याची ती एकच गाडी, स्वतःच चालवतो. म्हणून तोही गेला. गावानं नारळ फोडला. हार ह्यांनी घातला. वर म्हणतात, "देशाचं काम हाय, नशीबवान हायेस रामधन." त्याची बायको सोनी रडत माझ्या पाया पडली. मी पाय मागे घ्यायला हवे होते...

२४ सप्टें.
लढाई थांबली, रेडिओवर सांगितलं. देवापुढे साखर ठेवली. आता येईल रामधन. ह्यांनी आजच पंप बसवला.

१९ नोव्हें.
रामधन नाही. ट्रकही नाही. त्याच्या गिऱ्हाइकांचा कापूस आता आमच्या गाडीत. ह्यांनी मला पातळ आणलं. नको म्हटलं.
"कायले नाटकं करून राह्यली? लेकरं आपल्यालेही हायेत."
पातळ तसंच पेटीत.

२ डिसें.
सोनी आली. "पाटलीणबाई, गाडी यवतमाळले जाऊन राह्यली ना? मले नेता काय? कचेरीत माह्या मालकाचं इचारतो." तिच्यासोबत मीही निघाले.
केबिनमध्ये म्हणाली, "बरं झालं, तवा तुमची गाडी बंद होती. नाहीतर तुमचाबी ड्रायव्हर गेला असता."
मग राहवेना. सगळं सांगितलं. पंप, कडबा, माझं ते खोटं.
कळंबच्या अलीकडे ती ड्रायव्हरला म्हणाली, "थांबव." गाठोडं घेऊन उतरली, माघारी चालू लागली. मी हाका मारल्या. वळून पाहिलं नाही.
कचेरीत मीच गेले. बाबू म्हणाला, ट्रक परत पाठवल्याची नोंद नाही, माणसाची खबर नाही.
"तुम्ही त्याच्या कोण?"
"गावातली," म्हटलं.

३ डिसें.
ह्यांना सांगितलं. भडकले. "आता सारा तांडा दारात येईन!"
येऊ दे.
कचेरीतलं सोनीला सांगायचंय. सकाळपासून दोनदा निघाले, ओढ्यापर्यंत जाऊन परतले. पलीकडे ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मला पाहिलं तिनं. सूप खाली ठेवलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. उद्या ओढा ओलांडायचाच.