हेर ब्रांडनर यांचं कमिशन

रेगेन्सबर्ग, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०१४

संध्याकाळी विम्याचे एजंट हेर ब्रांडनर घरी आले होते (इथे जर्मनीत 'श्रीयुत'ला 'हेर' म्हणतात). माझ्या नवऱ्याला, नितीनला, ऑफिसातल्या मित्रांसारखा प्रायव्हेट आरोग्यविमा हवा होता. सही करायला त्यानं पेन उघडलंसुद्धा. मला राहवलं नाही. विचारलं, "यात तुम्हाला काय मिळतं?" आगाऊपणा झाला का?

ते चिडले नाहीत. "आल्झो, म्हणजे असं बघा, पब्लिक, सरकारी विम्यात मला जवळपास काहीच नाही. यात मात्र कित्येक महिन्यांच्या हप्त्यांएवढं कमिशन." मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाले, "पण पब्लिकमध्ये यांच्याच हप्त्यात तुम्ही आणि बाळ फुकट. इथे दोघांचे हप्ते वेगळे, शिवाय तुमच्या थायरॉइडच्या गोळ्यांमुळे तुमचा हप्ता वाढणार."

नितीनच्या हातातलं पेन तसंच उघडं. ब्रांडनरांनीच फॉर्म बॅगेत ठेवला आणि चहा मागून घेतला.

दारात मी विचारलंच, "मी विचारलं नसतं तर?"

"सहीआधी सांगणारच होतो. तुम्ही घाई केलीत," जिना उतरताना ते हसले.

इतका सरळ माणूस! त्यांच्या जागी मी असते तर आपणहून बोलले असते? मघापासून स्वतःला विचारतेय. छातीठोक हो म्हणवत नाही.