दहावी चूक

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे सगळे सुखरूप आहेत (सगळे म्हणजे मी). तुझी पाठ काय म्हणते? भाऊजी कानातलं यंत्र अजून खिशातच घालून फिरतात का? मी फोन केला की ते ‘ताई झोपलीये’ एवढंच सांगतात. सकाळी अकरा असोत की संध्याकाळचे पाच, तू आपली झोपलेलीच! चाळीस वर्षं नर्सची ड्युटी केलीस, तेव्हाची राहिलेली झोप भरून काढत असशील, अशी मी मनाची समजूत घालतो.

तर झालं असं. मी निवृत्त झालोय हे आमच्या छापखान्याच्या मालकांना कितीदा सांगितलं तरी पटत नाही. त्यांनी एक पुस्तिका तपासायला पाठवली, ‘घरच्या संगणकाची तटबंदी : बारा पायऱ्या’. आता तुला ठाऊक आहे, मुद्रितशोधक मजकूर वाचत नाही, काना-मात्रा वाचतो. पण ही पुस्तिका इतकी अशुद्ध होती की चारदा वाचावी लागली आणि चौथ्या वेळी माझ्याकडून चुकून अर्थही वाचला गेला. अगं, घाबरलोच मी! आईचा आवाज माझ्याच कम्प्यूटरमध्ये आहे ना. यंत्र नवीन आलं तेव्हा माईक चालतो का बघायला, आई मटार सोलत बसली होती ते साडेचार मिनिटं भरून घेतलं होतं. दाणे पातेल्यात पडतात टपटप, ती गुणगुणते, आणि मध्येच विचारते, ताईला उत्तर टाकलंस का रे? एवढंच. पण ते कुणा परक्याच्या हाती लागावं हे मला सहन होईना.

मग मी पायरी पायरीने तटबंदी सुरू केली. अपडेट चालू केले, फायरवॉल उभी केली. कॅमेऱ्यावर कागद चिकटवला. ‘पाहुण्यांचं खातं’ बंद केलं, तेव्हा जरा गलबलून आलं (गेल्या किती वर्षांत कुणी पाहुणा आलाय म्हणा, पण दार उघडं आहे एवढं तरी वाटायचं). एक मिनिट हात हलला नाही की पडद्याला आपोआप कुलूप लागेल अशीही सोय केली. ती फार महागात पडली. खिडकीतून ऊन टेबलावर येतं, धुळीचे कण त्यात सावकाश फिरतात, मी बघत बसतो, आणि परत वळतो तर यंत्र मला विचारतं, आपण कोण? दिवसातून पंधरा-वीस वेळा. मी इतका हरवलेला असतो हे मला या वयात कळलं.

पुस्तिकेत लिहिलं होतं की प्रत्येक संगणकाला पासष्ट हजारांवर दारं असतात, पोर्ट म्हणतात त्यांना, आणि नको असलेली लावून घ्यावीत. ते वाचता वाचता दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला. एका लांबलचक घरात मी दारं लावत चाललो होतो, एकामागून एक, पायांत चपला नाहीत, कसलाही आवाज नाही. शेवटच्या दारापाशी टपटप ऐकू आलं. आत आई मटार सोलत होती. म्हणाली, हे नको लावूस, ताई यायचीये. जागा झालो तेव्हा पडद्याला कुलूप लागलेलं होतं.

आता खरी पायरी : नवा पासवर्ड. तो शब्दकोशात सापडेल असा नसावा, म्हणे. माझ्या डोक्यात शब्दकोशाबाहेरचा शब्द येणार कुठून? मग तुझं पत्र आठवलं. तू नर्सिंगच्या हॉस्टेलवरून मला पाठवलेलं, मी आठ वर्षांचा असतानाचं, ‘तुझ्यासाठी खिडकीत एक फुलपाखरू अडवून ठेवलंय’ असं. मला तेव्हा शुद्धलेखन येत नव्हतं म्हणून ते एकच पत्र माझ्या लाल शाईच्या तावडीतून वाचलं. त्यात तू फुलपाखरू असं काही लिहिलं होतंस की जगातल्या कुठल्याही कोशात सापडू नये! मी समोर ठेवून, अक्षर अक्षर बघत, दोनदा टाइप केलं. मग अकराव्या पायरीनुसार (पासवर्ड लिहिलेला कागद नष्ट करावा) ते पत्र फाडलं आणि बादलीत भिजवून लगदा केला. ताई, मला काय झालं होतं कुणास ठाऊक. बाराव्या पायरीत लिहिलं होतं, सर्वांत आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवावी. (ही पायरी पहिली हवी होती, पण क्रम तपासणं माझं काम नव्हतं.)

तेव्हापासून मी बाहेर आहे आणि आई आत. कारण माझी बोटं चुकीचा शब्द उमटवतच नाहीत. पन्नास वर्षांची सवय! पडद्यावर नुसते काळे ठिपके दिसतात, आणि ठिपक्यांचं मुद्रित कसं तपासणार? दहा चुका झाल्या की सगळं पुसून टाकावं, असंही मीच ठरवलं होतं. दहा म्हणजे मला फारच उदार वाटलं होतं. नऊ झाल्या आहेत.

पाठीला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
शहाणा

ता. क. तो शब्द तू कसा लिहितेस ते कळव. आठवायला बसू नकोस, नेहमीसारखा लिही, म्हणजे चुकेल. वरती मी दोनदा लिहिलाय तो बघू नकोस, दोन्ही वेळा शुद्ध आलाय.

ता. क. दुसरा. तुझं शेवटचं पत्र मी सतरा दुरुस्त्या करून परत पाठवलं होतं, खाली ‘प्रगती आहे’ असा शेराही मारला होता. त्यात तू विचारलं होतंस, आई गेली, आता एकटा कशाला, इकडे येतोस का रहायला. मी ‘रहायला’चं ‘राहायला’ केलं आणि उत्तर द्यायचं विसरलो. चुकलो गं.

ता. क. तिसरा. शब्द पत्रातून नकोच कळवू, माझा हात तो वाटेत सुधारेल. मी येतोय राहायला. कम्प्यूटर घेऊन येतो. तू टाइप कर, मी भिंतीकडे तोंड करून बसेन.