जिन्यातलं खोकं

३ मार्च

सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

प्रकृती आहे तशीच, जीव मात्र विटला आहे. चाळीस वर्षं सोफे शिवून पोट भरलं आणि आता मी शिवलेला सोफा माझ्याच घरातून निघणार. तुझ्या भाच्याला तो पांढरा, बुटका सोफा हवाय. आधी वरच्या डॉक्टरांनी आणला आणि रिकामं खोकं आठ दिवस जिन्यात उभं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. मग समोरच्या वकिलांचं खोकं. किळस येते गं! आता सूनबाई म्हणते, बाबा, आपल्याच दारापुढे खोकं नाही, बरं दिसत नाही.

मुलाला म्हटलं, घेण्याआधी निदान उलटा करून बघ, बैठक तोलणारे खालचे पट्टे कसे ताणलेत ते. तर म्हणतो, पाहुणे सोफ्याखाली थोडेच बसणार आहेत! घ्या! मी काय करू, सांग. छातीत सारखं धडधडतं.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे हसत सुटले, कारण आम्हीही तोच सोफा मागवलाय. रागावू नकोस. माझ्या जावेकडे आहे, तिच्या विहिणीकडे आहे. मी एकटीनेच लोकांना लाकडी खुर्च्यांवर बसवायचं का? आणि लहानपणी शेजारी रेडिओ आला तेव्हा आपल्याकडेही हवा म्हणून दोन दिवस जेवला नव्हता, तो कोण रे?

छातीचं डॉक्टरांना दाखव. सोफ्यापायी मुलाशी अबोला धरू नकोस. चार माणसांत तर त्याला नावं ठेवूच नकोस, माझी शपथ आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

२ एप्रिल

सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी शपथ मला भोवली. सोफा आला. खाली हात घालून पाहिलं, तर फळीच्या जागी पुठ्ठा आणि पट्टे मुळी नाहीतच. त्याच संध्याकाळी खालच्या शिक्षिकाबाई नवऱ्याला घेऊन बघायला आल्या. म्हणाल्या, काका, तुमचं आयुष्य यातच गेलं, कसा आहे हो हा? मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता. मी म्हणालो, झकास आहे.

आठ दिवसांत त्यांनी तोच आणला. मीच शिवून दिलेला त्यांचा भक्कम सोफा भंगारवाल्याने नेला. शेवटी काल खाली गेलो आणि सांगून टाकलं, बाई, मी खोटं बोललो, हा वर्षभरही टिकायचा नाही, परत करा. माझ्या मुलाला राग आला तर येऊ दे.

बाई हसल्या. म्हणाल्या, त्यांना आमच्याकडे बसून पाहिलं तेव्हाच कळलं होतं, बसल्यावर चौकट टोचते. पण त्यांची मुलगी जुन्या सोफ्यापायी मैत्रिणींना घरी आणायला लाजायची. नवरा तेवढा ऐकत नव्हता, म्हणून त्याच्यासमोर कारागिराचा शब्द हवा होता. आणि आज त्यांच्या जाऊबाई बघायला येणार आहेत, तेव्हा मी खाली येऊन तेवढंच पुन्हा सांगायचं, झकास म्हणून.

मी वर आलो. आता त्या बोलवायला येतील. मी पायात चपला घालून बसलोय आणि कुठे जावं ते सुचत नाही.

म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा दादा