तांब्यातला हुलगा

भोर,
सोमवार, ता. ११ फेब्रुवारी १९४६

प्रिय कुंडलिक,

अक्षर ओळखलंस तर पाकीट फोडायच्या आधी थोडा थांबशील, हे धरूनच लिहायला बसलो आहे. चोवीस वर्षांनी लिहितो. मिरजेचा पत्ता हिर्डोशीला जाऊन तुझ्या थोरल्या भावाकडून आणला. त्यांनी दिला, पण बस म्हणाले नाहीत. उभ्याउभ्याच परत फिरलो.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. आईला आता दिसत नाही. पानात काय वाढलं ते चाचपून जेवते आणि मीठ कमी पडलं की सौ.ला बोल लावते. तुझी आठवण मात्र पक्की आहे तिला. "तो हिर्डोशीचा पोरगा का रं येत न्हाई?" असं दर दिवाळीला विचारते. मी दर दिवाळीला काहीतरी सांगतो. हायस्कूलचा हेडमास्तर झालो, ते तुझ्या कानावर असेलच. मुलं मला भितात. पूर्वी हे मी कौतुकानं सांगायचो.

बरं, कामाचं. आपल्या मावळ बंधुमंडळाला यंदा पंचवीस वर्षं होतात. नारायण पेठेतल्या दोन खोल्या, आपण पाच पोरं आणि एक चूल, एवढ्यावर काढलेलं मंडळ. आता स्वतःची इमारत आहे, चाळीस विद्यार्थी राहतात. चैत्रात पुण्याला समारंभ आहे, संस्थापकांचा सत्कार आहे. मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच मागून घेतलं. दुसऱ्या कुणी लिहिलेला मला नको होता.

छापखान्यात गेलासुद्धा. त्यात तू एका ओळीत आहेस. "श्री. कुंडलिक यांनी १९२२ साली वैयक्तिक कारणास्तव मंडळ सोडले." वैयक्तिक. हेडमास्तर झालं की असे शब्द आपोआप हाताला लागतात.

आपल्या कॉलेजातला भिमा गेला. गेल्या भाद्रपदात, गुंजवण्याला, आपल्या घरात. छातीचं दुखणं होतं. गोदीत पोती उचलून छाती गेली होती, शेवटची सहा वर्षं गावी होता. महारवाड्यात ओसरीवर पोरं जमवून शिकवायचा. भिंतीवर कोळशानं काढलेली बाराखडी मी पाहिली आहे. वळण सुरेख होतं. माझ्या हाताखाली पगारी शिक्षक सात आहेत, एकाचंही तसं नाही.

हे तुला पाच महिन्यांपूर्वी कळवायला हवं होतं. का कळवलं नाही, ते आता सांगतो. दोनदा लिहून फाडलं आहे, हे तिसरं.

तो रविवार तुला आठवत असेल. माझ्यापेक्षा तुलाच जास्त. नवा सभासद घ्यायचा झाला की आपण जेवणाआधी तांब्या फिरवायचो. ज्यानं त्यानं झाकल्या मुठीनं एक दाणा टाकायचा. तांदूळ म्हणजे होकार, काळा उडीद म्हणजे नकार. एक जरी काळा निघाला तरी दार बंद. आणि दाणा कुणाचा हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही. हा नियम माझा. केवढा अभिमान होता मला त्याचा. कुणाचं मन दुखायला नको, म्हणून केला होता म्हणे.

भिमाला तू आणलंस. तो बाहेर पायरीवर बसला होता. नव्यानं येणाऱ्यानं घरचा मूठभर शिधा आणून आपल्या हंडीत घालायचा, म्हणून त्यानं फडक्यात नाचणी बांधून आणली होती. "एक चूल, एक पंगत" हे भाषण मी आदल्याच आठवड्यात ठोकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

तांब्या ताटात उपडा केला. चार तांदूळ आणि एक हुलगा.

उडीदसुद्धा नव्हे, हुलगा. आणि हुलगा त्या घरात एकाच पोत्यात होता. तुझ्या आईनं, धोंडाबाईंनी पाठवलेला. घोड्याचं खाणं म्हणून आपण तुला चिडवायचो, आणि त्याच्या पिठाचं माडगं केलं की चाटूनपुसून खायचो. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "माझा नाही." तेव्हा मी म्हणालो, "कुंडलिक, नियम आहे. विचारायचं नाही, सांगायचंही नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि तोंड दाबणारा मी.

तो दाणा माझा होता.

गडबडीत हाताला जो लागला तो घेतला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पहिल्या दोन पत्रांत तुलाही तेच लिहिलं होतं. फाडली ती म्हणूनच. कुंडलिक, उडदाचा डबा माझ्यासमोर होता. मी वाकून कोपऱ्यातल्या तुझ्या पोत्यात हात घातला. उडीद टाकला असता तर पाचांपैकी कुणावरही संशय गेला असता, माझ्यावरही. हुलगा माझा असेल असं कुणाच्या स्वप्नात आलं नसतं.

नकार का, तर आई काय म्हणेल, ही सबब होती. आईला आजतागायत कुणी काही विचारलेलं नाही. खरं हे, की तो माझ्या पानाशेजारी बसणार या विचारानं माझाच घास अडकला. भाषण करणं सोपं, मांडी हलवून जागा देणं अवघड.

भिमानं पायरीवरून सगळं ऐकलं, नाचणीचं फडकं उचललं आणि गेला. पेठेत त्याला कुठं खोली मिळाली नाही, कॉलेज सुटलं. आठवड्यात तूही वळकटी उचललीस. मी मंडळ वाढवलं.

आता शेवटचं, आणि हे सर्वांत वाईट. जाण्याआधी बारा दिवस त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं, निरोप धाडला म्हणून मी गेलो. नसरापूरहून चालतच गेलो. कॉलेजात तो आपल्यापेक्षा शुद्ध बोलायचा. त्या दिवशी घरचंच बोलला. म्हणाला, "कुंडलिकाला सांग, म्या राग धरला न्हाई. त्याच्या घरचं लई कडक असल, त्याचा तरी काय इलाज." मग माझा हात धरला. "तू मातुर माझ्यासाठी तांदूळ टाकला व्हतास. त्ये म्या इसरलो न्हाई."

मी काय केलं? त्याच्या घरचं पाणी प्यालो. तेवढं धैर्य आता आलं आहे. "पडून राहा, बोलू नकोस," म्हणालो आणि परतीची वाट धरली. बारा दिवस होते, कुंडलिक. एकदा पुन्हा जायचं होतं.

दहाव्याला गेलो तर ठकुबाईनं विचारलं, "कुंडलिकभाऊ आलं न्हाईत?" मी म्हणालो, "कळवलंय त्याला." कळवलं नव्हतं. म्हणजे तिच्या लेखी तू दुसऱ्यांदा चुकलास, तेही माझ्यामुळे. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलं हे पत्र.

क्षमा मागत नाही. ज्यानं द्यायची त्यानं ती भलत्यालाच देऊन टाकली. त्याचा निरोप तुला पोचवायचा होता, तो पोचवला. काय करायचं त्याचं, मला कळत नाही. तुलाही कळणार नाही.

समारंभ चैत्र शुद्ध पंचमीला आहे. इतिहासाची ती ओळ बदलायला अजून वेळ आहे. छापखान्यात दोनदा जाऊन आलो. एकदा दारातून परतलो, एकदा शुद्धलेखन तपासून परतलो. तेव्हा ती तशीच छापली जाईल, आणि हार घालायला आले की मी मान वाकवीन. स्वतःला मी आता चांगला ओळखतो.

हे पत्र जपून ठेव. ये, आणि सभेत वाच. उठून उभा राहिलास तर मी नाही म्हणणार नाही, एवढं वचन देतो. माझ्या वचनाची किंमत तुला ठाऊक आहेच.

खाली 'तुझा' लिहीत नाही.

सावळाराम