भाचेहक्काबाहेरची होडी

मी, ओतेगेन जोल्मिर्झाउली, धंदा मासेमारी, राहणार तास्कुदुक, अराल समुद्राचा उत्तर किनारा, आज पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हा कागद करत आहे. राग लिहून ठेवला, कारण तो खरा आहे. डॉक्टरांच्या मते माझं हृदय थकलं आहे. डोकं आणि कान थकलेले नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही, भुलवलेलं नाही. तसा प्रयत्न एका इसमाने बरीच वर्षं केला, त्याचं नाव पुढे येईल. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. पंगतीत बसून कोणाला काही देतो म्हणालो असेन, तर ते मांसाच्या वाफेतलं बोलणं समजावं.

अरालहून आलेल्या नोटरीबाईंनी कलमांना आकडे घाला म्हणून सांगितलं. घातले आहेत.

१. राहतं घर, त्यामागची कोठी, सांडणी आणि तिचं पिल्लू माझी मुलगी उल्तुआर हिला. तिच्या नावाचा अर्थ 'मुलगा होईल' असा आहे. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून माझ्या आईने ते ठेवलं. पुढचं कोणी आलंच नाही. मला कमी पडलं नाही, हेही या कागदावर असू द्यावं, कारण तोंडाने मी तिला कधी म्हटलेलं नाही.

२. माझे जुने लोकरीचे बूट मासळी तोलणाऱ्या कारकुनाला. त्याचा एक पाय कायम तराजूवर असतो. तो तरी उबेत राहो.

३. होडी. हिची हकीकत लिहिणं भाग आहे, म्हणजे ती कोणाची हा प्रश्न उरणार नाही.

समुद्र आटत मागे गेला तेव्हा गावाने होड्यांचं काय केलं ते मी पाहिलं. कोणी उलटी करून शेळ्या बांधल्या, कोणी चिरून चुलीत घातली. मी माझी अंगणात ओढून आणली आणि दर वसंतात तिला डांबर फासत राहिलो. समोर मैलोन्‌मैल वाळू, आणि मी डांबर फासतोय. शेजारचा जाक्सिलिक कुंपणावरून विचारायचा, "ओतेगेन, आज उंटावर जाळं टाकणार का?" एका सकाळी वल्ही गायब झाली. शोधत गेलो तर त्याच्याच कुंपणाला खुंट म्हणून ठोकलेली, माझ्या खुणेसकट. त्याला विचारलं, तर म्हणतो, "समुद्रच नाही, तर वल्ह्यांचं काय करणार होतास?" त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

पुढे बांध झाला, पाणी परत आलं, मासे परत आले. साऱ्या किनाऱ्यावर पाण्यात ढकलण्यासारखी होडी एकच होती. वडिलांनी मला ठेवलं ते नाव आणि एक चाकू. बाकीचं सगळं या होडीने दिलं.

सदर होडी, वल्ही, नांगर, तिच्यावरचं नवं इंजिन आणि नवी जाळी, सर्व उल्तुआरचं. माझं हृदय थकल्यापासून ती एकटीच समुद्रावर जाते आणि माझ्यापेक्षा जास्त आणते. होडी गेली तर तिला कारखान्यात खवले काढायला बसावं लागेल. ते मी मेल्यावरही बघू शकणार नाही.

४. चोरांविषयी उल्तुआरला सूचना. इंजिनाचा पंखा रोज संध्याकाळी काढून घरी आणावा. पंख्याशिवाय इंजिन म्हणजे बिनदाताचा लांडगा. साखळी नुसती खांबाला बांधू नये, वाळूत पुरलेल्या नांगराला बांधावी. जाळ्याच्या प्रत्येक तरंग्यावर आपली खूण जाळून उमटवावी. रंगाची खूण रंगाने जाते. कुत्र्याला आपल्याच हाताने खाऊ घालावं, दुसऱ्याने टाकलेलं खाणारा कुत्रा दुसऱ्याचाच असतो. आणि कान उघडे ठेवावेत. प्रत्येक इंजिनाला आपापला खोकला असतो. पलीकडच्या गावातल्या एकाने माझं इंजिन नेलं होतं. धुक्यात तो माझ्यासमोरून गेला, चेहरा दिसला नाही, पण खोकला ऐकला. दुपारी मी त्याच्या दारात उभा. त्याने स्वतः उचलून परत आणून दिलं.

एवढं केलं की चोर संपले. पण चोर मागून येतो. भाचा पुढून येतो, आणि जेवून जातो.

५. इसमाचं नाव: कुआंदिक, माझी बहीण कुलान हिचा एकुलता एक मुलगा.

आमच्यात बहिणीच्या मुलाला मामाच्या घरातून आवडेल ती वस्तू उचलायचा हक्क आहे. आयुष्यात तीनदा. विचारायचं नाही, मामाने नाही म्हणायचं नाही, आणि त्याला कोणी चोरी म्हणायचं नाही. भाच्यावर हात उगारला तर म्हातारपणी हात थरथरायला लागतात, असं म्हणतात. चांगला रिवाज आहे. चांगल्या भाच्यांसाठी केलेला.

पहिल्या खेपेला हा जेवायला आला. "मामा, मांस काय मऊ शिजलंय!" म्हणाला. हात पुसले, उठला, बाहेर गेला आणि इंजिन खांद्यावर घेतलं. हेच ते, जे पलीकडच्या गावातून परत आलं होतं. वडीलधारे अंगणातच बसले होते. त्यांच्यासमोर ओरडला, "भाचेहक्क! एक!"

मी म्हटलं, "अरे, भाचे शिंगरू नेतात, कोकरू नेतात."

"शिंगरू पाण्यात चालतं का, मामा?"

उल्तुआर वल्हं घेऊन आडवी झाली. "ठेव खाली, नाहीतर गुडघा फोडते!" वडीलधाऱ्यांनी तिलाच दटावलं. "पोरी, भाच्याला चोर म्हणू नये." इंजिन गेलं. तो स्वतः मासे धरत नाही. ते त्याने भाड्याने दिलं. रोज पहाटे माझ्याच इंजिनाचा खोकला मी अंथरुणात पडून ऐकायचो.

दुसऱ्या खेपेला समुद्र गोठला होता. बर्फाला भोकं पाडून आम्ही खाली जाळी सोडली होती, ती ओढताना बोटं बधिर झालेली. हा आला, आमच्याच किटलीतला चहा प्यायला, आणि जाळी गुंडाळायला लागला. "दोन!" म्हणाला. मासे मात्र एकेक सोडवून बर्फावर ठेवत गेला. "मासे तुमचे, मामा. मासे नेले तर चोरी होईल." असा कायदेपंडित.

६. गेल्या शरद ऋतूत मासळीच्या काट्यापाशी मी पेट्यांच्या आड बसलो होतो. पलीकडे कुआंदिक आपल्या दोस्ताला सांगत होता, "घाई कशाला? म्हातारा डोळे मिटू दे. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळ्यांसमोर तिसरी उचलतो. होडी. गिऱ्हाईक ठरलंय."

मामा मेला म्हणून मामाचं घर मरत नाही. उल्तुआर या घरात आहे तोवर हक्क चालू. नोटरीबाई म्हणतात की कायदा असलं काही मानत नाही. बाई भल्या आहेत, पण चाळिसाव्याच्या पंगतीत त्या नसतील. तिथे उल्तुआर नाही म्हणाली, तर गाव तिचंच तोंड काळं करणार. आणि मी आपणहून त्याला काही दिलं तर ते मोजणीत धरत नाहीत. भाच्याने स्वतः निवडून, स्वतः उचललं तरच ते धरतात.

मग मी कोठीला तीन कुलपं लावली. कुत्रा तिथे हलवला. खिळे ठोकलेलं एक भलं मोठं खोकं आत ठेवलं. काट्यापाशी जो भेटेल त्याला, कारकुनालाही, दबक्या आवाजात सांगितलं, "कुआंदिकसमोर कोठीचं नाव काढू नका हं." होडी किनाऱ्यावर नुसत्या सुंभाने बांधून सोडून दिली. कुलूप घरमालकासाठी नसतं. चोराने कुठे बघावं ते सांगायला असतं.

हिवाळ्यासाठी जनावर कापलं, त्या मांसाला गाव जेवायला आलं. कुआंदिक तीन दोस्त घेऊनच आला. जनावराचं उकडलेलं डोकं कापून व्हायच्या आत उठला. "मामा, कोठीच्या किल्ल्या."

मी हात थरथरवले, घाम पुसला, जमेल तेवढं नाटक केलं. "कुआंदिक, बाळा, दुसरं काहीही घे. होडी घे हवी तर!"

"होडी ठेवा तुम्हाला," तो म्हणाला. "भाचेहक्क! तीन!" सगळ्या पांढऱ्या दाढ्यांनी ऐकलं. खोकं चौघांनी मिळून जेमतेम उचलून नेलं.

आत जुन्या सहकारी संस्थेचं इंजिन होतं. समुद्र गेला त्या वर्षी ते गंजून गच्च झालं, ते झालंच. मांस निवायच्या आत तो परत आला. "मामा, ही फसवणूक आहे!"

"कसली फसवणूक? मी दिलं कुठे? तू घेतलंस."

अख्खी पंगत हसली. जाक्सिलिकसुद्धा हसला, आणि आमचं बोलणं नाही. तरी या कागदावर नोंद असावी म्हणून लिहितो: कुआंदिकच्या तिन्ही खेपा संपल्या. या घरातली आता सुतळीसुद्धा त्याने उचलली तर ती साधी चोरी, आणि पोलिसांना बोलवावं. चाळिसाव्याला आला तर चहा द्यावा. साखर आपल्या हाताने घालावी.

७. हे कलम लिहायचं नव्हतं.

जेवणानंतर काही दिवसांनी कुलान आली. माझी बहीण रिकाम्या हाताने कधी आलेली नाही. त्या दिवशी आली. मानाची जागा सोडून दारापाशी बसली.

"दादा, जिंकलास."

"तुझ्या पोराला अक्कल शिकवली."

"पोराला अक्कल नाही, हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. पण हक्क त्याला कोणामुळे आला? मी या घरात जन्मले म्हणून. मी एक उंट आणि एक पेटी घेऊन इथून निघाले. त्यानंतर या घरात माझं म्हणून काय राहिलं होतं? पोराच्या तीन खेपा. शेवटची तू गंजलेल्या लोखंडावर घालवलीस."

"त्याने इंजिन नेलं, जाळी नेली, तेव्हा तू कुठे होतीस?"

"घरी. लाजेने बाहेर पडले नाही. पण तुझ्याइतकं हसलेही नाही."

चहा न घेता गेली.

म्हणून लिहून ठेवतो: माझ्या पश्चात कुलानने स्वतः यावं आणि तिला आवडेल ती एक वस्तू स्वतःच्या हाताने उचलावी. घर सोडून काहीही, होडीसुद्धा. तिला कोणी अडवू नये, कारण विचारू नये. मुलाच्या वतीने नाही, कुआंदिकची आई म्हणून नाही; जोल्मिर्झाची मुलगी म्हणून.

हे वाचून उल्तुआर कडाडली. "बाबा! पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं दार सताड उघडं! आत्याच्या हातातून त्याच्या हातात जायला किती वेळ लागतो?"

"मागच्या दारातून तुझी आत्या येणार आहे," मी म्हटलं. "तिला मी कुलूप लावू शकत नाही."

"मग मी कशावर जाऊ समुद्रावर? तुमच्या बहिणीच्या रडण्यावर?"

तिचं खरं आहे. तरी कलम मी खोडणार नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही. होडीला डांबर मात्र फासते आहे.

८. मला टेकडीवर पुरावं, पाणी दिसेल असं. दुसऱ्या दिवशी होडी नेहमीसारखी बाहेर काढावी. शोकाच्या नावाखाली किनाऱ्यावर पडून राहिलेली होडी लोकांच्या डोळ्यात भरते.

९. साक्षीदार म्हणून जाक्सिलिकला बोलावलं आहे. तो माझा वैरी आहे, म्हणून त्याची साक्ष कोणी खोडू शकणार नाही. दुसरे साक्षीदार गावचे इमाम.

वरील सर्व मला वाचून दाखवलं. माझ्याच तोंडचं आहे, आणि पुरेसं कडक आहे.

स्थळ: तास्कुदुक. बर्फ फुटल्यानंतरचा पहिला शुक्रवार, एप्रिल २०१९.

(सही) ओतेगेन जोल्मिर्झाउली

साक्षीदार पहिला:
ओतेगेनने माझ्यादेखत सही केली. तो शुद्धीत आहे. नेहमी असतो, तीच अडचण आहे. वल्ह्यांबद्दल लिहिलंय ते खरं, पण अर्धवट. ती आधीच चिरलेली होती.
(सही) जाक्सिलिक, शेजारी

साक्षीदार दुसरी:
इमामांची वाट बघू नये. त्यांना मी माझ्या घरी चहाला बसवून आले आहे, दार बाहेरून लावून. सगळा कागद मी ऐकला. सातवं कलम दोनदा ऐकलं. नोटरीबाईंनी मला बजावलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला कागदातून काहीच मिळत नाही, माझं कलम बाद होईल, मी नीट विचार करावा. दादा ओरडला, "कुलान, ठेव ते खाली!" उल्तुआरने मला बसायला जागा करून दिली. दादाने मला एक वस्तू उचलायचा हक्क दिला होता. मी पेन उचललं.
(सही) कुलान, जोल्मिर्झाची मुलगी, कुआंदिकची आई