दिवसा सांगितलेल्या गोष्टी

मु. कोरीट, जि. नंदुरबार

हिंमतमामांना ललितचा नमस्कार.

गणपतीत तुम्ही सुरतेला वारलात, हे आईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. तिचं हृदय नाजूक आहे, असं डॉक्टर म्हणाले.

आईच्या अहिराणी गोष्टींचं पुस्तक निघालं. ती रात्री सांगायची, मी लिहून घ्यायचो. उन्हाळ्यात टायपिंग झालं, प्रुफं तपासली, मुखपृष्ठही ठरलं, तेवढ्यात प्रकाशकांनी आणखी दोन गोष्टी लगेच मागितल्या. मी आईला भरदुपारी सांगायला बसवलं. ती हसत म्हणाली, "दिनले गोट सांगो नही रे, तुन्हा मामा वाट भुली जाई."

"मामा तं डोया झाकीसन यी," मी म्हणालो. तेव्हा तुम्ही होतात.

पहिली प्रत मी देवापुढे ठेवली. नंदुरबारच्या दुकानात पुस्तक मांडलेलं पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. तिला आनंद झाला नाही; तुम्ही भाऊबीजेलाही आला नव्हतात, हेच तिच्या मनात होतं.

"भाऊबीजले बी उना नही मन्हा भाऊ. मी दिनले गोट सांगी, म्हनीसन तो वाट भुलना. त्या पुस्तकं घर लई ये, मंग तो यी."

खरं सांगितलं असतं, तर तिच्या मनावरचा दोष उतरला असता. ते न सांगता काल दुकानातल्या सगळ्या प्रती मी घरी आणल्या.

मामा, आज सकाळपासून ती नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली आहे. फाट्यावर जीप थांबली, की उठून उभी राहते.

तुमचा भाचा,
ललित