घटाची माती

आश्विन शुद्ध नवमी, बुधवार पेठ

नवरात्र संपत आलं, तरी घटाखालच्या मातीत पेरलेला गहू उगवला नाही. एक कोंबही नाही. नुसती पांढरी साय धरली आहे वर. आई म्हणते, देवी कोपली. देवी कशाला कोपेल? माती आपल्याच मुठेकाठच्या मळ्यातली. दुसऱ्याच्या शेतातली नको, हा हट्ट माझाच.

आज न राहवून चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट!

याच मळ्यात घरची ज्वारी व्हायची, पावटा, वांगी व्हायची. मग शनिवारवाड्याच्या मुदपाकखान्यात आमचा गूळ जाऊ लागला आणि वडिलांनी, म्हणजे दादांनी, बांधापासून बांधापर्यंत ऊस लावला. पाटाचं पाणी कधी थांबलंच नाही. गूळ शिजवायला काठावरचे आंबेही चुलाणात गेले. आता ज्वारी बाजारातून येते.

संध्याकाळी दादांनाही ती माती चाखायला लावली. थुंकले आणि म्हणाले, "गूळ गोड आहे ना? मग झालं! माती काय खायची असते?"

खायचीच असते की. आजवर दुसरं काय खाल्लं आपण?

शेवटी आईने शेजारच्या काकूंकडून मूठभर उगवलेला गहू मागून आणला. उद्या दसरा. सोनं द्यायला निघताना तो पगडीत खोवायचा. कुणीतरी म्हणणारच, "यंदा छान उगवलंय हो तुमच्याकडे!" आणि मी मान डोलावणार.

दोनदा चूळ भरली. तोंड अजून खारटच आहे.